जाळीतली लोकर

पाटकऱ्याने नेहमीप्रमाणे गुडघाभर पाण्यात उतरून पहिली ओंजळ भरली, तोंडाजवळ नेली आणि तशीच सोडून दिली. पाणी गढूळ होतं. नुसत्या मातीने गढूळ असतं तर त्याने तोंडात घेऊन, चूळ भरून पाहिलं असतं. पण याला वास होता. फार नाही, ओल्या पोत्याला येतो तेवढा.

उमाळा त्याच्यासमोर दरडीच्या बुडातून बाहेर येत होता. हा सगळा डोंगर चुनखडीचा, आतून उंदराने पोखरलेल्या भिंतीसारखा. वर माळावर एक ओढा वाहत येतो आणि एका खडकाखाली शिरून गडप होतो. त्या जागेला गिळणी म्हणतात. आणि खाली, बैलजोडी आत जाईल एवढ्या तोंडातून पाणी फुटतं, तो उमाळा. वर गडप होतं तेच खाली निघतं, असं म्हातारी माणसं सांगत आली होती. एकीकडे गिळलं, दुसरीकडे ओकलं. त्यात शंका घ्यायला कुणाला सवड नव्हती.

उमाळ्याच्या तोंडाला लोखंडी जाळी होती. जाळीपुढे पाट, पाटाला तीन फाटे, प्रत्येक फाट्याला पाणी अडवणाऱ्या लाकडी फळ्या. जाळी साफ ठेवायची, ठरल्या वेळी फळ्या उचलायच्या, ठरल्या वेळी पाडायच्या, हे पाटकऱ्याचं काम. त्याच्या बापाने ते केलं आणि गेली बावीस वर्षं तो करत होता. गावाचं पिणंही याच पाटावर.

त्याने दाताळं घेऊन जाळीवरचा पाला ओढला. पाल्यात मुठीएवढा एक पुंजका आला. पिळला तर त्यातून राखाडी पाणी निघालं. दोन बोटांनी ओढून पाहिला. लोकर होती.

तो काठावर बसला.

मागच्या वर्षी याच दिवसांत पाणी असंच झालं होतं. तेव्हा जाळीत काही सापडलं नव्हतं, आणि त्यानेही शोधलं नव्हतं. त्या पंधरवड्यात गावात अकरा जणांना जुलाब-उलट्या लागल्या. दहा उठले. अकरावी त्याची बायको होती.

लोकर म्हणजे मेंढ्या. आणि वर माळावर, गिळणीच्या अगदी तोंडाशी, मेंढ्या एकाच्याच होत्या. बायकोच्या सख्ख्या भावाच्या.

बायका कळश्या घेऊन आल्या तेव्हा तो लोकर मुठीत धरून तसाच बसला होता.

"काय हो पाटकरी, पाण्याचा चहा करून सोडलाय का आज?"

"भरू नका. जरा थांबा."

"जरा म्हणजे किती? मागल्या वर्षीही तुम्ही जराच म्हणाला होता."

असं म्हणणारीने लगेच जीभ चावली. दुसरीने तिला कोपराने ढोसलं. पण बोललं गेलं ते गेलंच. एकीने कळशी उलटी करून काखेला मारली, आणि सगळ्या शाळेमागच्या आडाकडे निघाल्या. तो आड मैलभर लांब. बावीस वर्षांत उमाळ्यावरून रिकाम्या कळश्या परत गेलेल्या त्याने दोनदाच पाहिल्या होत्या.

घरी लेक चूल पेटवून बसली होती. वीस वर्षांची, आईसारखीच रुंद कपाळाची, आणि हल्ली आईसारखंच कमी बोलणारी. चुलीवर पाण्याचं पातेलं होतं. या पाण्यात चुना फार. भांड्याच्या बुडाला पांढरी खपली धरते. बायको दर आठवड्याला जुन्या विळ्याच्या पात्याने ती खरवडायची. कर्रर कर्रर असा आवाज सकाळी अंथरुणात ऐकू यायचा आणि त्याला तो नको व्हायचा. आता वर्षभरात खपली बोटाच्या पेराएवढी झाली होती. पाणी उकळायला दुप्पट लाकूड लागत होतं, आणि विळा भिंतीत खोचलेला होता तिथेच होता.

त्याने लोकर लेकीपुढे टाकली.

"तुझ्या मामाचे प्रताप."

लेकीने उचलून पाहिली. "कुठे होती?"

"जाळीत. मेलेली मेंढी गिळणीत लोटली असणार. मागच्या वर्षीही लोटली असणार."

"मामा असं करणार नाही."

"तू बघायला होतीस?"

"आई असती तर म्हणाली असती, आधी आपल्या दारातलं झाडा."

"आई नाही," तो म्हणाला. "का नाही, तेच सांगतोय."

लेकीने पातेल्यावर झाकण ठेवलं. मग त्याने तिला बजावलं की आता मामाकडे जायचं नाही, सणाला नाही, सहज नाही, लोणी आणायला नाही. ती चुलीत लाकूड सारत राहिली.

दुपारी पाणचक्कीवर त्याने लोकर दाखवली. चक्की पाटाच्या पहिल्या फाट्यावर चालते. गिरणीवाला अंगाने काडी आणि स्वभावानेही काडी. कुठे ठिणगी दिसली की हा लागलाच. पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया उंचावून त्याने लोकर उजेडात धरली.

"मी मागच्याच वर्षी म्हणालो होतो. मेंढ्या औषधाच्या पाण्यातून काढतो तो, गोचिडासाठी. ते पाणी कुठे जातं? गिळणीत. गिळणीतलं कुठे जातं? तुमच्या आमच्या पोटात."

"दवाखान्यातली बाई म्हणाली होती, औषधाने असं होत नाही. सडलेलं काहीतरी पाण्यात गेलं असेल."

"मग सडलेली मेंढी. माझं काय म्हणणं आहे? मी औषधासाठी अडून बसलोय का?" गिरणीवाल्याने आवाज खाली आणला. "तुम्ही दाजी पडलात त्याचे, म्हणून गाव गप्प बसलं, पाटकरी. नाहीतर..."

पाटकऱ्याने लोकर त्याच्या हातातून ओढून घेतली. गाव गप्प बसलं होतं म्हणजे गाव बोलत होतं. फक्त त्याच्या पाठीमागे.

दुसऱ्या दिवशी तो माळावर चढला. वाट चुनखडीच्या धारदार दगडांतून जाते. तिथे वीतभर माती, खाली नुसता खडक. त्यामुळे या भागात खड्डा खणणं म्हणजे शिक्षा. कुंपणाचे खांबसुद्धा लोक दगड रचून उभे करतात. मेलेली कोंबडी, सापाने चावलेलं वासरू, फुटकी काच, आजारी माणसाचं अंथरूण, जे घरात नको आणि पुरणंही नको, ते दरडीच्या मागच्या बाजूला असलेल्या आंधळ्या विहिरीत टाकायचं. विहीर कुणी खणलेली नाही. जमिनीलाच पडलेलं उभं भोक ते. दगड टाकला तर आवाज येत नाही आणि पाणी कुणी कधी पाहिलेलं नाही. पाटकऱ्याच्याच बांधाला लागून ती होती. पण ती या अंगाला आणि गिळणी त्या अंगाला. मध्ये सगळा डोंगर.

मेहुणा मेंढ्यांच्या वाड्याच्या दारात एका मेंढीचे खूर कापत बसला होता. मेंढी उताणी, त्याच्या दोन मांड्यांत घट्ट धरलेली. त्याने मान वर केली.

"या दाजी. बसा. एवढा एक पाय होऊ दे."

पाटकरी बसला नाही. वर्षभरात तो इथे आला नव्हता. त्याने वाड्याभोवती नजर फिरवली. एका कोपऱ्यात औषधाच्या पाण्याचा हौद, त्याच्या तळाशी हिरवट गाळ. ओढ्यापर्यंत मेंढ्यांच्या खुरांनी झालेला चिखल. एक जुना सापळा, हाडांचा नव्हे, कोल्हे धरायचा. त्याला सगळंच संशयाचं वाटत होतं, आणि काहीच पुरेसं नव्हतं.

"यंदा किती मेल्या?" त्याने विचारलं.

"मेंढ्या? तीन. का?"

"कुठे टाकल्या?"

मेहुण्याने चाकू पायजम्याला पुसला. मेंढी सोडली. ती लंगडत पळाली. "पुरल्या. त्या तिथे, वाड्यामागे. दोन दिवस लागले खड्ड्याला. माझ्या हातांचे फोड बघायचेत का?"

"पुरल्या," पाटकरी म्हणाला. "या खडकात."

"का, दाजी? काय झालं?"

त्याने लोकर काढून दिली. मेहुण्याने ती घेतली, बोटांत चोळली, नाकाशी नेली, मग दोन्ही हातांनी हलकेच ताणून उन्हात पाहिली. लोकर कळणाऱ्या माणसाने पाहावी तशी.

"ही मेंढीच्या अंगावरची नाही," शेवटी तो म्हणाला. "अंगावरच्या लोकरीत तेल असतं, कितीही भिजली तरी चिकट लागते. ही धुतलेली आहे. पिंजलेली. गादीतली लोकर आहे ही."

"मग तुझ्या घरातल्या गादीतली असेल."

मेहुण्याने त्याच्याकडे पाहिलं. असं पाहिलं की पाटकऱ्याला वाटलं, हा आता काहीतरी सांगणार. पण त्याने लोकर घडी करावी तशी बोटांनी दुमडली आणि परत दिली.

"दाजी, एक करा. चक्कीवरून दोन पोती कोंडा आणा. तुमच्या हाताने गिळणीत ओता. खाली तुम्हीच जाळीवर बसा. कोंडा निघाला तर मी मेंढ्या विकून हा माळ सोडतो."

"एवढी खात्री?"

"खात्री नाही," मेहुणा म्हणाला. "पण तुम्हाला बघायचं असेल तर बघून घ्या, एवढंच. खोटं कशाला सांगू?"

परत येताना पाटकरी दगडांवरून दोनदा घसरला. एवढा निर्धास्त माणूस निर्दोष असत नाही, असं त्याला वाटत होतं. आणि याने आपण येणार हे आधीच ओळखलं होतं का? चहाची किटली शेगडीवर दोघांपुरती ठेवलेली होती. लेकीने निरोप धाडला असणार.

घरी येऊन त्याने विचारलं, "मामाला कळवलंस?"

"हो," लेक म्हणाली. "दूधवाल्याबरोबर. तुम्ही रागात जाणार होता, म्हणून."

चोरी पकडावी तसं त्याला वाटलं होतं, आणि चोराने माल समोर ठेवावा तसं तिने सांगितलं.

कोंडा ओतला तो तिसऱ्या दिवशी. गिरणीवाला स्वतः पोती घेऊन आला, साक्षीला म्हणून. ओढ्याचं पाणी खडकाखाली शिरताना घशात अडकल्यासारखा आवाज करत होतं. पिवळा कोंडा त्यावर पसरला, एक फेरा फिरला आणि आत ओढला गेला. मेहुणा लांब, मेंढ्यांत उभा होता. जवळ आला नाही.

मग पाटकरी जाळीवर बसला. तो दिवस गेला, दुसरा गेला. भाकरी लेक तिथेच आणून द्यायची. तिसऱ्या दिवशी पाय भिजून भिजून त्याच्या टाचांची कातडी पांढरी होऊन सुटली. पाला आला, काटक्या आल्या, लोकरीचे आणखी दोन पुंजके आले. कोंड्याचा कण नाही.

येणारेजाणारे थांबून विचारत.

"काय पाटकरी, मासे लागतायत का?"

"कोंडा शिजला असेल आत. लापशी येईल बघा."

तो हसायचा नाही. बावीस वर्षं ज्या लोकांच्या रानात पाणी सोडलं त्यांना आज त्याची चेष्टा करायला वेळ होता.

चौथ्या दिवशी डोंगरापलीकडचा कुंभार मडकी घेऊन बाजाराला आला आणि चक्कीपाशी थांबून म्हणाला, "अहो, तुमची चक्की फुटली की काय? आमच्या तळ्यावर दोन दिवस नुसता कोंडा तरंगतोय. बदकं खाऊन खाऊन फुगली."

जाळीवरून उठून आलेल्या पाटकऱ्याकडे सगळ्यांनी पाहिलं. कुंभाराचं तळं डोंगराच्या पार त्या अंगाला, चार कोस.

गिरणीवाल्यालाच आधी सुचलं. "पोतं भरून पलीकडे नेऊन ओतायला काय लागतं? गाढव लागतं एक. त्याच्याकडे दोन आहेत."

"आणि इथे का नाही आला कोंडा?"

"आत शिरून बांध घातला असेल. त्याला आतल्या वाटा माहीत. लहानपणापासून तिथे घुसतोय तो."

हे ऐकायला बरं होतं. पाटकऱ्याने ते घट्ट धरलं. सरळ गोष्ट सोडून वाकडी धरायला माणसाला जेवढा जोर लागतो, तेवढा त्याच्याकडे अजून होता.

संध्याकाळी, उजेड असतानाच, शाळेच्या ओट्यावर बैठक भरली. कुणीतरी पेला भरून आणला, उमाळ्याचाच. गिरणीवाला म्हणाला, "पाटकरी, तुमचं पाणी आहे. आधी तुम्ही प्या. मग बोलू." लोक हसले. थट्टा होती, पण पेला पुढे धरलेलाच राहिला. पाटकऱ्याने तो घेतला आणि सगळ्यांसमोर शेवटपर्यंत प्यायला. पाण्याला ओल्या पोत्याचा वास होताच. रिकामा पेला त्याने ओट्यावर ठेवला तेव्हा हसू थांबलं होतं.

मग तो उभा राहून बोलला. जन्मात बैठकीत तो एवढा बोलला नव्हता. लोकर दाखवली. मागचं वर्ष सांगितलं. बायको शेवटच्या दिवशी पाणी पाणी करत होती आणि आपण तिला याच पाटाचं पाणी पाजत होतो, तेही सांगितलं. बायकांच्या बाजूला कुणीतरी नाक ओढलं. "माझी बायको त्याची बहीण होती," तो म्हणाला. "त्याने बहिणीलाही सोडलं नाही."

ठरलं ते असं. गिळणी दगडांनी बुजवायची. ट्रॅक्टर परवा सकाळी निघेल.

"ओढा तुंबेल," एका म्हाताऱ्याने म्हटलं. "त्याचा वाडा खोलगटात आहे. घरासकट बुडेल तो."

"मग माळ सोडेल," गिरणीवाला म्हणाला. "तोच म्हणाला होता ना?"

पाटकऱ्याने मान डोलावली. घरी आला तर लेक दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने त्याला वाढलं, पण स्वतः जेवली नाही.

दोन दिवस वर जोराचा पाऊस झाला. ट्रॅक्टर निघायच्या सकाळी उजाडता उजाडता तो जाळी बघायला गेला. उमाळा फुगून दुप्पट झाला होता, आणि पाणी जाळीवरून उड्या मारत होतं, म्हणजे जाळी तुंबली होती. तो कमरेपर्यंत आत उतरला. दाताळं लावलं. काहीतरी जड अडकलं होतं, मऊ आणि जड, ओढलं की येत होतं आणि सोडलं की परत चिकटत होतं. त्याने दाताळं टाकून हातांनीच धरलं आणि काठावर फरफटत आणलं.

कापडाची मोठी पट्टी होती. खोळीचा कोपरा. आतून लोकर लोंबत होती.

कापडाचा रंग गेला होता, टाके राहिले होते. निळ्या दोऱ्याचे, दुहेरी, एकेक वीत सोडून घातलेले. कोपऱ्याजवळ शेवटचे चार टाके लाल.

निळा दोरा संपला होता तिचा. तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. भावाने दिलेल्या लोकरीची गादी ती नव्याने शिवत होती आणि शेवटच्या कोपऱ्यात लाल दोरा घातला तिने. तो चिडवायचा, चोराची गादी, चार टाके दुसऱ्याच्या घरचे. त्यावर ती म्हणायची, तुम्ही त्या कोपऱ्याला पाय करून झोपा, मला नाही दिसत.

चार दिवस ती त्याच गादीवर पडून होती. ती गेल्यावर त्याने गादी गुंडाळली, दोरीने बांधली, पाठीवर घेतली आणि दरडीमागे नेऊन आंधळ्या विहिरीत टाकली. सगळे टाकतात तशी. विहीर कोरडी आहे, आंधळी आहे, कुठेही जात नाही, म्हणून.

तो पाण्यात बसला. छातीपर्यंत पाणी आलं तरी त्याला कळलं नाही.

गादी तिथून इथे आली होती. म्हणजे त्या विहिरीत पडलेलं इथे येतं. एवढंच असतं तरी त्याने सहन केलं असतं. पण त्याला आता गाय आठवली, आणि गाय आठवल्यावर सगळं मागे मागे जात एका जागी येऊन थांबलं.

बायको आजारी पडायच्या आधी बारा दिवस गोठ्यातली गाय मेली होती. पोट फुगून मेली. बायको म्हणाली होती, "पुरा हो तिला. एवढं दूध पाजलंय तिने. त्या भोकात टाकू नका. मला बरं वाटत नाही ते." आणि तो म्हणाला होता, "या खडकात? गाईएवढा खड्डा? खणायला अख्खा दिवस जाईल. मला फळ्या आहेत, जाळी आहे." त्याने बैल जुंपून गाय बांधापर्यंत ओढत नेली. बायको दारात उभी राहून बघत होती. नंतर चार दिवस पाऊस झाला. त्यानंतर पाणी गढूळ झालं, आणि ओंजळ तोंडात घेऊन त्याने गावाला सांगितलं होतं, मातीच आहे, जरा थांबा, निवळेल.

त्याने बाहेर येऊन तिन्ही फाट्यांच्या फळ्या पाडल्या. फळ्या खाचेत बसेनात, लाथा घालून बसवल्या. मग पट्टी पिळली, घडी केली आणि सदऱ्याच्या आत धरली. ट्रॅक्टरचा आवाज माळाच्या वाटेला लागला होता.

तो वर पोचला तेव्हा ट्रॉलीतले दगड गिळणीपाशी ओतायला घेतले होते. दहाबारा माणसं, पहारी, घमेली. पहिले तीनचार दगड तोंडाशी लावूनही झाले होते आणि पाणी त्यांना वळसा घालून घुसत होतं. मेहुणा वाड्याच्या भिंतीला टेकून उभा होता. हात मोकळे. आडवा आला नव्हता. त्याच्या शेजारी लेक होती. पहाटेच घरातून निघून आली होती.

"या पाटकरी," गिरणीवाला ओरडला. "तुमच्याच हातचा दगड राहिलाय."

पाटकरी त्याच्याजवळून पुढे गेला. ओलेत्याने, अनवाणी. मेहुण्यासमोर उभा राहून त्याने सदऱ्यातून पट्टी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.

मेहुण्याने घडी उलगडली. लाल टाक्यांवर अंगठा फिरवला.

"जाळीत आली," पाटकरी म्हणाला.

"हं."

"तुला त्याच दिवशी कळलं होतं."

"लोकर मीच पिंजली होती, दाजी. आपली पिंजण माणूस ओळखतो."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? आंधळ्या विहिरीत गादी गेली हे मला माहीत. तुमची गाय गेली हेही बहिणीने निरोपात कळवलं होतं तेव्हा. दोन्ही जोडून तुमच्यासमोर ठेवायचं?" त्याने मान हलवली. "कोंडा नाही आला तर तुम्हीच शोधाल म्हटलं. तुम्ही नाही शोधलंत."

गिरणीवाला जवळ आला होता. "कसली गाय? काय चाललंय?"

पाटकरी वळला. माणसं हातातली कामं थांबवून बघत होती. बैठकीत त्याला शब्द सुचत गेले होते. आता एकेक उचलून ठेवावा लागत होता, दगडासारखा.

"गिळणीचं पाणी उमाळ्याला येत नाही. कुंभाराच्या तळ्याला जातं. आपल्याला येतं ते आंधळ्या विहिरीतलं. मागच्या वर्षी त्यात गाय होती. माझी. मीच टाकली." तो थांबला. "ती म्हणाली होती पुरा. मी टाकली. फळ्या पाडून आलोय. पाणी कुणी पिऊ नका."

आंधळ्या विहिरीत काहीही टाकलं नाही असं एकही घर त्यांच्यात नव्हतं. प्रत्येक जण आपापलं काहीतरी आठवत असावा. एकाने हातातलं घमेलं हळूच खाली ठेवलं. गिरणीवाल्याला पहिल्यांदाच काडी सापडली नाही. थोड्या वेळाने लोक गिळणीच्या तोंडातले दगड काढून परत ट्रॉलीत भरायला लागले.

लेक भिंतीजवळून हलली नव्हती. पाटकऱ्याने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याची छाती झाली नाही. तो मेहुण्याला म्हणाला, "पहार दे."

"कशाला?"

"हे तरी पुरतो."

मेहुण्याने वाड्यातून पहार आणि फावडं आणून दिलं. वाड्यामागे मेंढ्या पुरल्या होत्या, तीन दगडांचे ढीग तिथे खरोखरच होते. त्यांच्यापासून लांब, उंचावर, पाटकऱ्याने जागा धरली. वीतभर माती पटकन निघाली. खाली खडक लागला. पहार मारली की ठिणगी उडायची आणि दोन बोटं कपचा निघायचा. लाकडी फळ्या उचलणारे त्याचे हात, त्यांना खडकाची सवय नव्हती. दुपारपर्यंत तळव्यांना फोड आले, मग ते फुटले, मग पहारीला रक्त लागायला लागलं. ट्रॅक्टर कधी उतरून गेला ते त्याला कळलं नाही. लेकीने तांब्या आणून शेजारी ठेवला. उकळलेलं पाणी होतं, अजून कोमट. त्याने तांब्या तोंडाला लावला आणि निम्मा उरवला.

एवढ्याशा कापडाला हातभर खड्डा पुरला असता. तो मांडीएवढा झाला तेव्हाही पाटकरी थांबला नाही. सावल्या लांब झाल्या. मेंढ्या वाड्यात परत आल्या. मेहुणा काठावर उकिडवा बसून, मांडीवरच्या पट्टीतली वाळू बोटांनी वेचत होता. सकाळपासून त्याने मदतीला हात लावला नव्हता, आणि पाटकऱ्यानेही मागितला नव्हता.

शेवटी पाटकऱ्याने पहार टेकवली. श्वास लागला होता. कमरेएवढ्या खड्ड्यात उभा राहून त्याने वर हात पुढे केला.

"दे आता. दिवस गेला."

मेहुण्याने खड्ड्यात वाकून पाहिलं. पट्टी त्याने छातीशीच धरून ठेवली.

"आणखी खोल, दाजी," तो म्हणाला.

पाटकऱ्याने पहार उचलली.